करवंदी घोडीचा मास्क परत मिळणेबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, तालुका कर्जत, जिल्हा रायगड.

अर्जदार : रोहिणी पोपट पादीर, वय २९, धंदा मजुरी, राहणार उंबरवाडी (कोंडाणे गावाच्या वरची ठाकरवाडी).

विषय : कोंडाजी पेरणे यांचा पाय पोपट पादीर याने नव्हे तर घोडीने मोडला, ही हकीकत नोंदवून घेणे व घोडीच्या औषधाचा जप्त मास्क परत मिळणेबाबत.

संदर्भ : मनोज कोंडाजी पेरणे यांनी दिलेल्या दोन्ही फिर्यादी.

महोदय,

१. अर्जदार बाईचा जबडा मोडलेला असून डॉक्टरांनी तिचे वरचे व खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले आहेत. पेज व दूध एवढेच आत जाते आणि पुटपुटण्याएवढाच आवाज बाहेर येतो. ठाण्यात ती येऊन गेली तेव्हा अंमलदार साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिले, पुन्हा पुन्हा विचारले. पण तिचे शब्द दातांतच अडकले. शेवटी ते म्हणाले, "बाई, लिहून आणा." म्हणून हा अर्ज. अर्जदार आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली असून अर्ज तिने स्वतः लिहिला आहे. लिहिण्यात काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे. हकीकत मात्र जशी घडली तशीच आहे.

२. सदर घोडी काळीभोर असून तिचे नाव करवंदी. अर्जदाराचा नवरा पोपट हा पूर्वी माथेरानला दुसऱ्याची घोडी धरून पर्यटक फिरवीत असे. तिथल्या लाल धुळीत ही घोडी खोकू लागली. चढावर मध्येच थांबायची, नाकपुड्या फुलवायची, पोट आत ओढून श्वास बाहेर ढकलायची. लोक तिच्यावर बसेनात. मालक म्हणाला, "घेऊन जा हिला, नाहीतर दरीत मरंल." पोपट तिला पायी खाली घेऊन आला. आमच्या वाडीला गाडीरस्ता नाही. गॅसची टाकी, रेशनचे तांदूळ, रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांच्या पिशव्या हे सगळे करवंदीच्या पाठीवरून वर चढते. तब्येत सांभाळली तर ती चालते, नाही सांभाळली तर उभ्या जागी गुदमरते. पोपट अबोल माणूस आहे. दिवसभरात जे काय बोलायचे ते तो घोडीच्या कानात बोलतो. बायको म्हणून अर्जदाराने यावरून पुष्कळ वेळा तोंड फुगवले आहे, पण ते असो.

३. जनावरांच्या डॉक्टर प्रियाताई वाडीत शेळ्यांना लस टोचायला आल्या असता त्यांनी घोडीच्या बरगडीला कान लावला. म्हणाल्या, "हिला दमा आहे. माणसाला होतो तसाच." जुन्या पेंढ्याची बुरशी, धूळ आणि धूर हे तिचे वैरी. त्यांनी सांगितले की गवत भिजवून घाला, गोठ्याच्या एका बाजूची कुडाची भिंत काढून वारा खेळू द्या. आणि एका बंद पडलेल्या घोडेस्वारी क्लबातून त्यांनी एक मास्क आणून दिला. तो लहान कळशीएवढा प्लास्टिकचा असून घोडीच्या नाकातोंडावर चढवून कानामागे पट्ट्याने बांधायचा. त्याला पुढे एक भोक आहे. त्यात माणसांच्या दम्याचा पंप, औषधाच्या दुकानात मिळतो तोच, बसवायचा आणि घोडी श्वास आत ओढील त्या क्षणी दाबायचा. पंप दोन. एक रोजचा, आतली सूज उतरवणारा. दुसरा निळा, जीव घुसमटला की लगेच वाट मोकळी करणारा. इंजेक्शन देता येते, पण फार दिवस दिले तर खूर बिघडतात आणि घोडी पायावरून जाते, असे डॉक्टरताईंचे म्हणणे आहे. आधी करवंदी मास्क बघून मान झटकायची. पुढे पुढे स्वतः नाक पुढे करू लागली.

४. आता राबाविषयी. आमच्या गोठ्याच्या खालच्या अंगाला लागून कोंडाजी पेरणे यांची राबाची जागा आहे. शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत थरावर थर रचून, वर माती पसरून ते दरवर्षी तिथे भाजतात. त्याशिवाय भाताचे रोप जोम धरत नाही. कोंडाजी हा कष्टाळू माणूस आहे. त्याच्या राबाबद्दल अर्जदाराची तक्रार नव्हती व नाही. परंतु मागच्या वर्षी त्या धुरात करवंदी मरता मरता वाचली. म्हणून यंदा अर्जदार स्वतः खाली कोंडाण्यात त्याच्या ओटीवर गेली.

"कोंडाजीदादा, राब भाजायच्या आदल्या दिशी नुसता निरोप धाडा. आमी घोडी वढ्यापल्याड नेऊ."

"धाडंन गं," कोंडाजी म्हणाला. "तुजी घोडी काय माजी वैरीण हाय?"

त्याची बायको सुंदराबाई हिने चहा दिला. तिथे कोणाच्याही मनात काळेबेरे नव्हते, हे मुद्दाम नमूद करते.

५. कोंडाजी निरोप विसरला. त्याचा मुलगा मनोज मोहोपाड्याच्या बाजूला कंपनीत कामाला असतो. सुट्टीच्या दिवशी घरी होता. बापाचे काम हलके करावे म्हणून उन्हे वर आल्यावर त्याने एकट्यानेच राब पेटवला. त्याला काहीच माहीत नव्हते. त्या वेळेला वारा खालून डोंगराकडे चढतो. सगळा धूर चुलीच्या तोंडातून यावा तसा आमच्या गोठ्यात शिरला.

अर्जदाराने घोडीला दोन्ही बाजूंनी आखूड बांधले, मास्क चढवला व निळा पंप दाबू लागली. घोडीच्या डोळ्यांचे पांढरे दिसत होते. पोपट हे बघून खाली धावला. त्याने मनोजला एक शब्दही विचारला नाही. हिरवी फांदी मोडून घेऊन तो जळता राब लाथांनी उधळू लागला, झोडपू लागला. मनोज ओरडला, "येडा झालायस का रं? रोपाचा सत्यानाश करतोस?" पोपट ऐकेना. तेव्हा मनोजने बांबू उचलून त्याच्या पाठीत घातला. पोपटाने मागे वळून त्याला दोन्ही हातांनी ढकलले. मनोज हातावर पडला, आणि हात निखाऱ्यात गेला. कोपरापासून मनगटापर्यंतचे कातडे उसाच्या पाचटासारखे सुटून आले. हे पोपटाने केले. अर्जदार ते नाकारीत नाही, व या गुन्ह्याची जी शिक्षा असेल ती पोपटाने भोगावी.

६. कोंडाजीने वरच्या बांधावरून मुलाचा हात पाहिला. कोणत्या बापाचे डोके जाग्यावर राहील? तो कोयता घेऊन पोपटाकडे गेला नाही, सरळ गोठ्याकडे आला. "जिच्यापायी हे झालं तीच ठेवत नाय," एवढेच तो बोलत होता. अर्जदार घोडीच्या गळ्याशी होती, पोपट अजून खाली धुरात राब झोडपीत होता. कोयत्याचा पहिला घाव घोडीच्या खांद्यावर बसला. कोयता हाडापर्यंत गेला तेव्हा झाडावर बसतो तसाच आवाज झाला. घोडी बांधलेली. तिला उधळता येईना, मागे सरता येईना, तोंडावर मास्क असल्याने धड किंचाळताही येईना. दुसरा घाव मानेखाली. रक्त अर्जदाराच्या तोंडावर उडाले. तिने कोंडाजीचा हात धरला. त्याने कोपराने तिला कुडावर फेकले व तिसऱ्यांदा कोयता वर उचलला.

तो खाली आला नाही. कोंडाजी तसाच हात वर करून उभा राहिला. त्याच्या गळ्यातून बासरी फुटल्यासारखा आवाज येऊ लागला. कोयता मागे पडला. तो गुडघ्यावर आला, मग कुशीवर. त्याचे ओठ जांभळे पडले. बरीच वर्षे ज्याला तो विडीचा खोकला म्हणत होता, तो खोकला नव्हता, दमा होता. घोडीला होता तोच.

७. साहेब, अर्जदाराने त्या वेळी काय विचार केला असे कोणी विचारले तर तिला सांगता येणार नाही. तो मेला तर बरे, असे तिच्या मनात येऊन गेले. मग तिच्या हातांनी मास्कमधला निळा पंप उपसला. कोंडाजी तिला झटकत होता, बोचकारत होता, पंपाचे टोक थुंकून टाकत होता. तिने त्याच्या छातीच्या बाजूला गुडघा रोवला, एका हाताने जबडा दाबून तोंड उघडले व पंप आत खुपसून ओरडली, "वढ! वढ आत! मरायचं नसंल तर वढ!" त्याने ओढला. पुन्हा दाबला, पुन्हा ओढला. तिसऱ्या चौथ्या खेपेस त्याच्या डोळ्यांत ओळख आली.

त्याच वेळी मनोज जळका हात छातीशी धरून गोठ्यात आला. त्याने पाहिले ते असे की ठाकरीण रक्ताने माखून आपल्या बापाच्या उरावर बसली आहे आणि घोडीच्या तोंडातले औषध त्याच्या घशात कोंबते आहे. त्याने चांगल्या हाताने बांबू फिरवला. अर्जदाराला आवाज ऐकू आला, दुखणे मागाहून आले. दोन दात तिला पेंढ्यात सापडले.

८. मनोजने पहिली फिर्याद दिली की पोपटाने त्याचा हात भाजला व अर्जदाराने जनावराचे विष त्याच्या बापास पाजले. त्यावरून मास्क व दोन्ही पंप पुरावा म्हणून जप्त झाले. ते कायद्याप्रमाणेच झाले, त्याबद्दल अर्जदाराचे म्हणणे नाही. पंप पुन्हा विकत मिळतात. मास्क मिळत नाही. पोपटाने तेलाचा प्लास्टिक डबा कापून, कडेला चिंध्या शिवून एक करून पाहिला. तो नीट बसत नाही, औषध बाजूने निसटते, आणि खांद्याच्या टाक्यांना धक्का लागला की घोडी डबा उडवून लावते. इंजेक्शनावर तिचे दिवस निघत होते. ती खाईना. मान लांब करून, पुढच्या पायांची कोपरे बाहेर काढून नुसती उभी राहायची. तिच्या प्रत्येक श्वासाला पोटावर पन्हळ पडायची.

९. त्यानंतर एका दुपारी, मनोज हाताची पट्टी बदलायला गेला असता, कोंडाजी एकटा वाडीत चढून आला. दर वळणावर टेकत आला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला दम्याचे निदान सांगून स्वतःचा पंप दिला होता. गोठ्याबाहेर उभा राहून त्याने तो खिशातून काढला. पोपट हातात काठी धरून बसल्या जागेवरून उठला नाही. अर्जदाराने दारात आडवे येऊन कोंडाजीला अडवले.

"तुजा पंप पोलिसांकडं हाय," कोंडाजी म्हणाला. "माजा घे. सारखाच हाय म्हनं. डाक्टर बोलला, त्या बाईनं पंप दिला नसता तर वाटंतच गेला असतास." मग म्हणाला, "मला बघू दे तिला."

अर्जदार बाजूला झाली. तिने तसे करायला नको होते.

कोंडाजी हात पुढे करून, "ये गं, ये बाय," असे म्हणत समोरून गेला. त्याच्या हातात पंप होता. घोडीला हात दिसला, आणि हाताच्या मागचा माणूस दिसला. तिचे कान मागे चिकटले ते अर्जदाराने पाहिले. ओरडून सांगायचे होते, "दादा, मागं व्हा." बांधलेल्या दातांतून नुसता घुं घुं असा आवाज आला. कोंडाजीला तो रडण्याचा वाटला असावा. तो मागे वळून अर्जदाराकडे बघत असतानाच करवंदीने त्याचा खांदा दातांत धरला. उचलला. उचलून आपटला. आणि मागच्या पायांवर उठून पुढच्या दोन्ही पायांनी त्याच्यावर उतरली. पुन्हा उठली, पुन्हा उतरली. मांडीचे हाड मोडल्याचा आवाज बाहेर अंगणापर्यंत आला. श्वासाला महाग झालेल्या त्या जनावरात एवढे बळ कुठून आले, ते देव जाणे.

पोपट काठी घेऊन आत घुसला. ज्या घोडीवर त्याने कधी बोट उगारले नव्हते तिला त्याने तोंडावर, टाक्यांवर, दिसेल तिथे मारले. ती मागे हटेपर्यंत मारले. टाके फुटले. काठी रक्ताने भिजली. वाडीतली माणसे धावत आली तेव्हा कोंडाजी जमिनीवर होता आणि पोपट रक्ताची काठी घेऊन त्याच्या अंगाजवळ उभा होता. माणसांनी जे पाहिले तेच सांगितले, आणि त्यावरून मनोजने दुसरी फिर्याद दिली व पोपटाला अटक झाली. त्यांचेही चुकले असे म्हणता येत नाही.

१०. काठीवरचे रक्त घोडीचे आहे. पण पोपट कोठडीत तोंड उघडत नाही, आणि कोंडाजीने आपल्या जबाबात, "पाय घसरला, दगडावर पडलो," असे लिहून दिले आहे. दगड खांद्याला चावत नाही, साहेब. म्हणून त्याच्या बोलण्यावर कोणाचा विश्वास बसला नाही आणि मनोजच्या बोलण्यावर बसला.

अर्जदार काल खालापूरच्या बाजूला ज्या हाडांच्या दवाखान्यात कोंडाजीला ठेवले आहे तिथे गेली. त्याच्या पायाला वजन लावून ठेवले आहे. सुंदराबाई उशाशी होती. अर्जदार पुटपुटली, "दादा, खोटं का बोललात?" पुन्हा पुन्हा म्हटल्यावर त्याला कळले.

"घोडीचं नाव घेतलं तर तिला मारून टाकतील," तो म्हणाला. "एकदा मी मारलं ते बास झालं."

"पोपट आत हाय."

सुंदराबाईच म्हणाली, "बाईचा नवरा तुरुंगात सडवून घोडी वाचवायची, ह्ये कंच्या देवाला आवडंल?"

अर्जदाराने त्याला सांगितले की ती सगळे खरे लिहून देणार आहे. करवंदीने पाय मोडला, असेच लिहिणार आहे, मग घोडीचे काय व्हायचे ते होवो. कोंडाजीने तिचे मनगट धरले. पकड अजून घट्ट आहे त्याची.

"लिही," तो म्हणाला. "पर आधी कोयता लिही. मंग लात."

म्हणून या अर्जात ते त्या क्रमाने लिहिले आहे. कोंडाजी नवा जबाब द्यायला तयार आहे, कृपया दवाखान्यात माणूस पाठवावा. त्याच्या खांद्यावर घोडीच्या दातांची खूण आहे व मांडीवर नालाचा ठसा आहे. तो डॉक्टरांकडून तपासून घ्यावा.

११. मनोज अजून शांत झालेला नाही. "घोडी दिसली तर पुढचा राब तिच्यावरच भाजीन," असे तो वाडीच्या पाणवठ्यावर सर्वांसमोर बोलला आहे. त्याचा हात आता पूर्वीसारखा होणार नाही असे कळते, त्यामुळे अर्जदाराला त्याचा राग येत नाही, भीती वाटते. तरी दोन्ही घरांना समोर बसवून आपण समज द्यावी.

१२. सबब विनंती की, दुसऱ्या फिर्यादीत पोपटावर घेतलेला आळ खऱ्या हकीकतीप्रमाणे दुरुस्त व्हावा. मनोजला भाजल्याबद्दलची त्याची जबाबदारी आहे तशी राहू द्यावी. करवंदी माणसावर चालून गेली, हे खरे आहे. तिला बांधून ठेवायचे, दूर कुठे पाठवायचे की आणखी काही करायचे, हे आपण व डॉक्टरताई मिळून ठरवाल ते अर्जदाराला मान्य राहील. पण ते ठरेपर्यंत तिला श्वास घेता आला पाहिजे. मास्क सोडणे कोर्टाच्या हुकुमाशिवाय जमत नसेल, तर तो आपल्याच कपाटात राहू द्या. दिवसातून एकदा आपल्या माणसासमोर बाहेर काढावा, अर्जदार आवारात घोडीला औषध देईल आणि पुसून परत आपल्या हाती ठेवील. तो कोठेही घेऊन जाणार नाही.

१३. आपण म्हणाल, एवढ्या दुरून घोडी रोज कशी येणार? अर्जदारालाही ते माहीत नाही. आज मात्र ती आली आहे. सुंदराबाई काल दवाखान्यातून अर्जदाराबरोबरच परत आली. रोहिणी, एकटीनं नेऊ नको, असे म्हणून पहाटेच वाडीत चढली. दोघींनी घोडी उतरवली. कोंडाण्याच्या खाली ती एकदा बसली, तिला उठवायला फार वेळ लागला. पुलाजवळ पुन्हा बसली. हा अर्ज आपल्या टेबलावर येईल त्या वेळी ती फाटकाबाहेरच्या झाडाखाली उभी असेल, दोर सुंदराबाईच्या हातात असेल. खिडकी उघडी असल्यास तिचा श्वास आपल्याला आतपर्यंत ऐकू येईल.

कृपया कोणीही तिच्या समोरून जवळ जाऊ नये. मास्क अर्जदाराच्या हाती द्यावा.

आपल्या फाटकाशी थांबलेली,

(सही)
रोहिणी पोपट पादीर
दिनांक : २४ एप्रिल २०२५

सोबत : जबड्याच्या दुखापतीचा दाखला, डॉ. प्रिया यांची घोडीच्या औषधाची चिठ्ठी. निळा पंप, कोंडाजी पेरणे यांनी स्वतःचा दिलेला, अर्धा शिल्लक.